दोन सेकंदांचा कॅचर

अमेरिकेतल्या पूर्ण मापाच्या बेसबॉल मैदानावर होम प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर १२७ फूट आणि सव्वातीन इंचांहून किंचित जास्त भरतं. नव्वद फुटी चौकोनाचा तो कर्ण आहे, पायथागोरसपलीकडे त्यात काही नाही. पण शाळेत शिकणाऱ्या एखाद्या कॅचरला कुठल्या विद्यापीठाच्या संघात जागा मिळेल आणि त्याच्या फीचा भार कोण उचलेल, हे गेली काही दशकं बरंचसं याच कर्णावर ठरत आलं आहे. पिचरचा चेंडू कॅचरच्या मिटमध्ये आदळला की स्टॉपवॉच सुरू करायचं. कॅचरनं उठून फेकलेला चेंडू दुसऱ्या बेसवरच्या गड्याच्या हातमोज्यात शिरला की बंद करायचं. या वेळेला ‘पॉप टाइम’ म्हणतात. मेजर लीगची सरासरी दोन सेकंदांच्या आसपास आहे. जे. टी. रिअलम्यूटोसारखा असामान्य कॅचर १.९ च्याही खाली येतो. शाळकरी मुलगा दोनच्या जवळपास फिरकला की मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक त्याचं नाव टिपून घेतात. २.२ च्या पुढे गेला की वही बहुधा मिटते.

हिशेब सोपा आहे. पिचरची हालचाल सुरू झाल्यापासून चेंडू प्लेटवर पोचायला साधारण १.३ सेकंद लागतात. त्यात कॅचरचे दोन मिळवले की झाले ३.३. पहिल्या बेसवरून दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता गाठायला, निघालेला चपळ गडी साधारण तेवढ्याच वेळात पोचतो. म्हणजे सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा.

आपल्याला विकेटकीपर माहीत आहे, पण कॅचर म्हणजे नुसता ग्लोव्हजवाला माणूस नव्हे. पुढचा चेंडू कोणता टाकायचा याची खूण तो करतो, पिचरचा राग शांत करतो, अंपायरशी न वळता बोलतो आणि मैदानावरच्या नऊ जणांत त्याचं एकट्याचं तोंड बाकी सगळ्यांच्या उलट दिशेला असतं. एका सामन्यात तो दीडशेच्या घरात चेंडू झेलतो. बेस चोरणाऱ्याला बाद करण्यासाठी दुसऱ्या बेसकडे फेकायची वेळ त्याच्यावर एकदा-दोनदा येते, कधी येतही नाही. दीडशे वेळा केलेलं काम सोडून एकदा केलेलं काम मोजायची ही रीत आली कुठून?

सुरुवातीला कॅचरचं काही मोजण्याचा प्रश्नच नव्हता. १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला अ‍ॅम्हर्स्ट आणि विल्यम्स या कॉलेजांत पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. अ‍ॅम्हर्स्टनं तो ७३-३२ असा जिंकला. त्या काळी पिचर खालून चेंडू टाकत आणि कॅचर बरेच फूट मागे उभा राहून टप्पा पडलेला चेंडू उघड्या हातांनी गोळा करी. पुढे चेंडूचा वेग वाढला, बेस चोरणारे सोकावले आणि कॅचरला बॅटरच्या पाठीशी यावं लागलं. मग बोटं मोडायची, दात पडायचे. अशा वेळी कॅचर निवडायची कसोटी एकच होती, तो तिथे उभा राहायला तयार आहे का.

ही कसोटी मोडीत काढली ती कॉलेजच्याच पोरांनी. हार्वर्डचा कर्णधार फ्रेड थेअर यानं तलवारबाजीच्या मुखवट्यावरून कॅचरसाठी जाळीचा मुखवटा बनवून घेतला. १८७७ मध्ये जेम्स टिंग तो घालून सामन्यात उतरला. १८७८ मध्ये थेअरला पेटंट मिळालं. वर्तमानपत्रांनी थट्टा केली, खेळाडूंनी नावं ठेवली आणि काही वर्षांतच सगळ्यांनी मुखवटे घेतले. १८८४ मध्ये नॅशनल लीगनं खांद्यावरून चेंडू टाकायला परवानगी दिली, तेव्हा मुखवट्याशिवाय प्लेटमागे बसणं हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. १९०७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा रॉजर ब्रेस्नहन क्रिकेटच्या पॅडसारखे पॅड पायांना बांधून आला. त्याचीही आधी टिंगल झाली. धाडस असं एकेक करून अवजारांनी वाटून घेतलं. मग क्लबांसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउटला कॅचरमध्ये दुसरं काहीतरी शोधणं भाग पडलं.

आधी त्यांनी शोधला देह. कॅचर थोराड हवा, म्हणजे होम प्लेटकडे धावत आलेला गडी त्याच्यावर आदळला तरी हलणार नाही, हा समज बराच काळ घट्ट होता. शिकागो व्हाइट सॉक्सच्या रे शाल्कनं १९१२ पासून त्याला तडा दिला. चणीनं लहान असलेला हा माणूस फटका बसला की पहिल्या बेसच्या मागे धावत जाऊन चुकलेले थ्रो अडवायचा. कॅचर प्लेट सोडून पळतो हे तेव्हा नवलच होतं. शाल्क पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. समज मात्र पुरता मेला नाही आणि आजही एखाद्या बुटक्या कॅचरपुढे स्काउटच्या वहीत ‘लहान’ हा शब्द आधी येतो आणि बाकीचं नंतर.

या साऱ्या वंशावळीत एक माणूस पुन्हापुन्हा भेटतो, ब्रँच रिकी. तो स्वतः कॅचर होता आणि २८ जून १९०७ रोजी न्यूयॉर्क हायलँडर्सकडून खेळताना, हात दुखावलेला असताना, वॉशिंग्टनच्या संघानं त्याच्या नाकावर टिच्चून एकाच सामन्यात १३ बेस चोरले. आधुनिक काळातला तो नकोसा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. कॅचरच्या हाताची किंमत या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याआधी रिकी ओहायो वेस्लियन कॉलेजच्या संघाचा प्रशिक्षक होता. त्याच्या संघात चार्ल्स थॉमस नावाचा कृष्णवर्णीय कॅचर होता. साउथ बेंडच्या हॉटेलनं थॉमसला खोली नाकारली. रिकीनं त्याला आपल्याच खोलीत ठेवून घेतलं. रात्री थॉमस आपल्या हातांची कातडी ओरबाडत रडत होता, हा प्रसंग रिकी पुढे जन्मभर सांगत राहिला. रंगवून सांगायची त्याची सवय लक्षात घेतली तरी मूळ गोष्ट खोटी नाही. म्हणजे कॉलेजच्या कॅचरची पारख करताना काय काय पाहिलं जायचं, त्या यादीत पहिला रकाना बराच काळ कातडीच्या रंगाचा होता. जॉश गिब्सन, ज्याला पाहिलेले लोक त्याला सगळ्या काळातल्या मोठ्या कॅचरांत धरतात, मेजर लीगमध्ये खेळायची संधी न मिळताच जानेवारी १९४७ मध्ये वारला. रंगाची ही भिंत मोडणारा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरला तो त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये.

रिकीची नजर मोठी, तशी तिची चूकही मोठी. सेंट लुइसच्या ‘द हिल’ या इटालियन वस्तीत एकाच गल्लीत दोन कॅचर वाढले. तेव्हा रिकी चालवत असलेल्या कार्डिनल्स क्लबनं त्यातल्या जो गॅरॅजिओलाला ५०० डॉलर देऊन करारबद्ध केलं आणि बुटक्या, बेढब योगी बेराला त्याहून कमी देऊ केले. योगीनं मानी नकार दिला आणि यँकीजनं त्याला ५०० डॉलरला उचललं. रिकी ब्रुकलिन डॉजर्सला जाणारच होता, त्याला योगीला तिकडे न्यायचं होतं, अशी सारवासारव नंतर झाली. मला ती फारशी पटत नाही. पण त्याच रिकीनं १९४६ मध्ये रॉय कँपनेलाला डॉजर्सच्या गोटात आणलं. कँपनेला पंधराव्या वर्षापासून कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमध्ये व्यावसायिक बेसबॉल खेळत होता. १९५१ आणि १९५५ या दोन्ही वर्षी अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगचे सर्वोत्तम खेळाडू कॅचरच होते. एकीकडे योगी, दुसरीकडे कँपनेला. एक रिकीनं सोडलेला, दुसरा रिकीनं आणलेला.

स्काउट ज्या पट्टीवर खेळाडूला गुण देतात ती २० ते ८० ची पट्टीही रिकीच्याच नावावर सांगितली जाते. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, दर दहा गुणांना संख्याशास्त्रातलं एक प्रमाण विचलन. फटका, ताकद, धाव, हात आणि क्षेत्ररक्षण ही पाच ‘हत्यारं’. ही यादी आउटफिल्डरला चपखल बसते. कॅचरला मात्र ती मापाबाहेरचा सदरा वाटते. धावण्यात त्याला २० किंवा ३० मिळणार हे सगळ्यांना माहीत असतं आणि पिचर सांभाळणं, चेंडू अडवणं, झेलणं हे सगळं एका ‘क्षेत्ररक्षण’ या रकान्यात कोंबलं जातं. उरतो हात. त्याचा आकडा काढता येतो, म्हणून तो ठळक होत गेला.

१९६५ मध्ये ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडायची पद्धत, सुरू झाला आणि या आकड्याचं वजन वाढलं. आधी स्काउट मुलाच्या घरी जाऊन, आईच्या हातचं जेवून, कागदावर सही घेऊन यायचा. आता देशभरचे हजारो मुलगे एका यादीत क्रमानं लावायचे होते. टेक्ससच्या मुलाची तुलना ओरेगनच्या मुलाशी करायची तर वर्णन उपयोगाचं नाही, आकडा हवा. १९७४ मध्ये क्लबांसाठी सामाईक स्काउटिंग ब्यूरो निघाला आणि अहवालांची भाषाही एक झाली. त्याच सुमारास मिशिगन स्टेटचा प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यानं पोलिसांकडची वेग मोजायची रडार गन पाहून तसलंच यंत्र बेसबॉलसाठी बनवून घेतलं. ते पिचरसाठी होतं, पण कॅचरच्या थ्रोचा वेगही त्यात पकडता येऊ लागला.

आकडे आले तरी अंदाज चुकायचे ते चुकतच राहिले, आणि कॅचरच्या बाबतीत तर जास्तच. पहिल्याच ड्राफ्टमध्ये क्लीव्हलँडनं सातव्या क्रमांकावर रे फॉसी हा कॅचर घेतला. सिनसिनाटीनं पहिल्या फेरीत बर्नी कार्बो घेतला आणि दुसऱ्या फेरीत, ३६ व्या क्रमांकावर, ओक्लाहोमातल्या बिंजर नावाच्या खेड्यातला जॉनी बेंच. बेंच पुढे कॅचर कसा असावा याची व्याख्याच बनला. पुढच्या वर्षी मेट्सनं देशातला सगळ्यात पहिला खेळाडू म्हणून कॅलिफोर्नियाच्या शाळेतला कॅचर स्टीव्ह चिलकॉट निवडला आणि पुढे विख्यात झालेल्या रेजी जॅक्सनला सोडून दिलं. चिलकॉटचा खांदा गेला. तो मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही.

डॅनी गुडविनची कथा तर कॉलेजच्या वाटेचीच आहे. १९७१ मध्ये शाळा संपताना व्हाइट सॉक्सनं त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं. त्यानं नाही म्हटलं आणि तो लुइझियानाच्या सदर्न युनिव्हर्सिटीत शिकायला गेला. १९७५ मध्ये एंजल्सनं त्याला पुन्हा पहिल्याच क्रमांकावर निवडलं. दोनदा पहिला आलेला तो एकटाच. पण खांद्यानं दगा दिला आणि मेजर लीगमध्ये तो प्लेटमागे नव्हे, फटकेबाज आणि पहिल्या बेसचा गडी म्हणून वावरला. कॅचरची सगळी पारख ज्या हातावर टेकलेली, तो हातच सगळ्यात आधी झिजतो, ही गोष्ट दोन्ही प्रकरणांत उघड होती. तरी कुणी स्टॉपवॉच खाली ठेवलं नाही.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. माइक पियाझा कॉलेजात पहिल्या बेसवर खेळत होता. १९८८ मध्ये डॉजर्सनं आपला मॅनेजर टॉमी लसॉर्डा याच्या शब्दाखातर त्याला ६२ व्या फेरीत, १,३९० व्या क्रमांकावर घेतलं आणि कॅचर बनवलं. त्याचा हात आयुष्यभर टीकेचा विषय राहिला आणि २०१६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला तो बॅटच्या जोरावर. २००२ मध्ये ओकलंडनं अलाबामा विद्यापीठाचा जेरेमी ब्राउन पहिल्या फेरीच्या मागोमागच, ३५ व्या क्रमांकावर घेतला. स्काउटांच्या मते तो जाडा होता. आकडेवाल्यांच्या मते तो चेंडू सोडण्यात, म्हणजे वॉक मिळवण्यात, पटाईत होता. मायकेल लुइसच्या ‘मनीबॉल’नं त्याला प्रसिद्ध केलं. मेजर लीगमध्ये तो एकूण पाच सामने खेळला. त्यात कोण जिंकलं, स्काउट की आकडे, हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते दोघांनीही त्याला प्लेटमागे बसलेला फारसा पाहिलाच नव्हता. एकानं पोट पाहिलं, दुसऱ्यानं वॉक.

प्लेटमागचं काम अखेर मोजलं गेलं ते कॅमेऱ्यांमुळे. २००८ पर्यंत मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर प्रत्येक चेंडूचा मार्ग टिपणारी यंत्रणा बसली होती. २०११ मध्ये माइक फास्ट या अभ्यासकानं त्या नोंदी वापरून दाखवलं की स्ट्राइक झोनच्या काठावरचे चेंडू अलगद झेलून अंपायरकडून स्ट्राइक मिळवणारे कॅचर वर्षभरात संघाच्या कितीतरी धावा वाचवतात. त्यात होझे मोलिना वर होता. तो संथ, मध्यमवयीन आणि बॅटीनं सामान्य. टँपा बेनं लगोलग त्याला घेतला. जुने कॅचर हे आधीपासून सांगत होतेच. फरक एवढाच की आता तो आकडा झाला होता आणि अमेरिकन बेसबॉलमध्ये आकडा झाल्याशिवाय गुणाला गुण म्हणत नाहीत.

आकडा झाल्यावर बसायची तऱ्हाच बदलली. टॅनर स्वॉन्सन वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवत होता. तिथून तो मिनेसोटा ट्विन्सकडे आणि मग यँकीजकडे गेला. कॅचरनं एक गुडघा जमिनीवर टेकून बसावं, म्हणजे खालचा चेंडू खालून वर उचलत झेलता येतो, ही पद्धत त्याच्यासारख्यांनी रुजवली. जुन्या पिढीच्या प्रशिक्षकांना हा आळस वाटला. आज शाळेच्या मैदानावरही मुलं तशीच बसतात.

पण शाळेतल्या मुलाची पारख करणाऱ्या कॉलेज प्रशिक्षकाची अडचण वेगळीच असते. मेजर लीगचा स्काउट हा मुलगा पंचविसाव्या वर्षी कसा असेल याची पैज लावतो. प्रशिक्षकाला येत्या फेब्रुवारीत सामना जिंकायचा असतो. चांगला निघालेला कॅचर तीन वर्षांनी ड्राफ्टमध्ये निघून जाणार हेही त्याला ठाऊक असतं. वर्षानुवर्षं पहिल्या श्रेणीच्या संघाकडे सगळ्यांत मिळून ११.७ शिष्यवृत्त्या असत. त्यांचे तुकडे करून वाटायच्या. मुलांना फार लहान वयात गळाला लावायची स्पर्धा एवढी वाढली की २०२३ मध्ये कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएनं अकरावीचं वर्ष सुरू होण्याआधी, १ ऑगस्टपूर्वी, प्रशिक्षकांनी मुलांशी बोलण्यावरच बंदी घातली. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, पण ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना संघ ३४ जणांचाच ठेवावा लागतो. त्यात कॅचर तीन, फार तर चार. शिवाय दुसऱ्या विद्यापीठातून बदली घेणारा एकविशीचा तयार कॅचर मिळत असेल तर सतरा वर्षांच्या पोरासाठी कोण थांबेल?

अशा घाईत शोकेस नावाचा बाजार फोफावला. परफेक्ट गेमसारख्या कंपन्या मुलांना एका मैदानावर जमवतात, पैसे घेतात आणि प्रत्येकाचे आकडे छापतात. कॅचरच्या नावापुढे पॉप टाइम आणि थ्रोचा वेग. तो पॉप टाइम मोजताना समोर बॅटर नसतो, पहिल्या बेसवर गडी नसतो, पुढचा चेंडू सरळ येणार हे मुलाला आधीच माहीत असतं. तो चेंडू यायच्या आतच अर्धा उठलेला असतो. सामन्यात असं केलं तर घसरता चेंडू त्याच्या पायांखालून मागच्या कुंपणापर्यंत जाईल. म्हणून अनुभवी स्काउट शोकेसच्या आकड्यात मनातल्या मनात थोडी भर घालतात आणि सामन्याच्या दिवशी लवकर येऊन सरावातला झेल पाहतात.

एक गोष्ट कॉलेजात पाहायला मिळणं तर आणखीच अवघड झालं आहे. खुणा करण्याचं, म्हणजे सामना चालवण्याचं काम तिथे बहुतेक वेळा प्रशिक्षकच डगआउटमधून करतो. आधी मनगटावरच्या आकड्यांच्या पट्टीनं, आता कानातल्या यंत्रानं. कॅचरचं डोकं किती चालतं हे शोधायला आलेल्याला प्रशिक्षकाचंच डोकं दिसतं.

तरीही कॉलेजनंच या काळातले उत्तम कॅचर घडवले. बस्टर पोझी फ्लोरिडा स्टेटला शॉर्टस्टॉप म्हणून आला. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षकांनी त्याला प्लेटमागे बसवलं आणि २००८ मध्ये तो पाचव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याला शाळेत कॅचर म्हणून कुणी गुणच दिले नव्हते. अ‍ॅडली रचमनला २०१६ मध्ये शाळा संपताना सिअ‍ॅटलनं ४० व्या, म्हणजे शेवटच्या फेरीत घेतलं होतं. तो ओरेगन स्टेटला गेला, पहिल्या वर्षी फुटबॉल संघात चेंडूला लाथाही मारल्या, आणि २०१९ मध्ये देशात पहिला निवडला गेला. तीन वर्षांत त्याच्या हातात असा काय चमत्कार झाला? हात होताच. लोकांनी त्याला दीडशे चेंडू झेलताना, रोज, पाहिलं एवढंच.

दरम्यान मोजपट्टी पुन्हा सरकते आहे. २०२३ मध्ये मेजर लीगनं बेस मोठे केले, पिचरनं बेसवरच्या गड्यासाठी बेसकडे चेंडू फेकण्यावर मर्यादा घातली आणि बेस चोरण्याचा आकडा २,४८६ वरून ३,५०३ वर गेला. स्टॉपवॉचला पुन्हा भाव आला. उलट दक्षिण कोरियाच्या लीगनं २०२४ पासून सगळे बॉल-स्ट्राइक यंत्राकडे सोपवले. तिथे अंपायरला भुलवणारा अलगद झेल कवडीमोल झाला. मेजर लीगनं २०२६ पासून मधला रस्ता धरला आहे. निकाल अंपायरचा, पण बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्याला हात लावून यंत्राकडे दाद मागू शकतो आणि प्रत्येक संघाला सुरुवातीला दोनच संधी. त्या कुणी वापरायच्या याचा विचार करताना चेंडू सगळ्यात जवळून पाहणारा कॅचरच आधी डोळ्यांसमोर येतो. म्हणजे स्ट्राइक झोन ज्याला तंतोतंत दिसतो, त्या डोळ्याचाही आता आकडा होईल. बरोबर किती, चूक किती.

कॉलेजच्या प्रशिक्षकांनी त्याची वाट पाहू नये. सतरा वर्षांचा कॅचर निवडायचा तर सातव्या डावात, पिचर थकलेला आणि तिसऱ्या बेसवर गडी असताना मातीत पडलेला चेंडू तो अंगावर घेतो का, आणि घेतल्यावर पिचरकडे कसा पाहतो, हे पाहावं. ओमाहाला जूनमध्ये भरणारी कॉलेज वर्ल्ड सिरीज कधी पाहायला बसलात, तर तुम्हीही तेवढंच पाहा. पॉप टाइम पडद्यावर आपोआप येतो.